साडेपाच वर्षांचा मुलगा अचानक चिडचिडा झाला आहे; हा उंची वाढण्याचा परिणाम असू शकतो का?

मोरपंख

नमस्कार. माझा मुलगा येत्या महिन्यात साडेपाच वर्षांचा होईल. गेल्या तीन-चार महिन्यांत त्याच्या वागण्यात इतका फरक पडला आहे की घरातील सगळेच काळजीत आहेत. एरवी ठोकळे घेऊन तासभर एकटा रमणारा हा मुलगा आता अगदी क्षुल्लक कारणावरून जमिनीवर लोळण घेतो. परवा मी त्याच्या ताटातली पोळी मोडून दिली, तेव्हा त्याने ताट सरकवले आणि "ती पुन्हा अख्खी कर" म्हणत अर्धा तास रडला. दुसरी अख्खी पोळी वाढली तरी त्याला तीच पोळी अख्खी हवी होती.

याच काळात तो अंगानेही बदलला आहे. दिवाळीत घेतलेली पँट आता घोट्याच्या चार बोटे वर आली आहे, गाल उतरले आहेत आणि आंघोळ घालताना बरगड्या दिसतात. एखाद्या दिवशी तो चार पोळ्या खातो आणि दुसऱ्या दिवशी दोन घास खाऊन उठतो. आठवड्यातून दोन-तीन रात्री तो पोटऱ्या आणि नडग्या दुखतात म्हणून उठतो, मी पाय चेपून दिले की पुन्हा झोपतो आणि सकाळी काहीच झाले नसल्यासारखा पळायला लागतो.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की तो उंची काढतो आहे आणि हाडे लांबतात तेव्हा पोर किरकिरतेच. यजमानांना मोबाइलवर एक संदेश आला आहे, त्यात लिहिले आहे की चार-पाच वर्षांच्या मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन एकदम दुप्पट होते आणि म्हणून ते आक्रमक होतात. जूनपासून मोठ्या शिशुगटाची वेळ बदलल्यामुळे त्याची दुपारची झोप बंद झाली आहे, आणि एप्रिलमध्ये त्याला बहीण झाली आहे, त्यामुळे माझ्या हातातही पूर्वीइतका वेळ उरत नाही. शाळेतून मात्र एकही तक्रार नाही. उलट त्याच्यासारखा समजूतदार मुलगा वर्गात नाही, असे बाई सांगतात. हा सगळा वाढीचा झटका समजून आम्ही वाट पाहावी, की डॉक्टरांना दाखवावे?

चिंचेखाली

मोरपंख ताई, मी कराड तालुक्यात २८ वर्षे बालवाडी चालवली आणि निवृत्त होऊन आता आठ वर्षे झाली आहेत. तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष पँटीकडे आणि पोळीकडे गेले. दुसऱ्या वाचनात ज्या दोन गोष्टी तुम्ही ओघात सांगून गेलात, त्यांच्यापाशी मी थांबले. मुलाची दुपारची झोप तुटली आहे आणि घरात पाळणा हलला आहे.

शाळेत गुणी आणि घरी आग्यावेताळ अशी मुले मी दर वर्षी पाहिली आहेत. एवढ्या लहान जिवाला चार तास रांगेत उभे राहायचे, पाणी प्यायचे असले तरी हात वर करायचा, शेजारच्याने पेन्सिल ओढली तरी हात उगारायचा नाही, हे सगळे सांभाळायला जी ताकद लागते, ती घरी येईपर्यंत संपलेली असते. मग ज्या माणसापाशी आपण कसेही वागलो तरी ते आपल्याला टाकणार नाही अशी त्याची खात्री असते, त्याच माणसापुढे त्याचा बांध फुटतो. शाळेतून आल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्याला एकही प्रश्न विचारू नका. डब्यात काय उरले, बाईंनी काय शिकवले, हेसुद्धा नको. शेंगदाणा-गुळाचा लाडू असो, ताक घालून केलेली नाचणीची आंबील असो किंवा सकाळचे थालीपीठ असो, आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. झोप येत नसली तरी चालेल, पण खोलीत थोडा अंधार करून त्याला पाऊण तास आडवे होऊ द्या, आणि रात्रीची झोप तासभर अलीकडे आणा.

पायांच्या दुखण्याबद्दल डॉक्टर मंडळी अधिक नेमके सांगतील. मला मात्र एवढे विचारावेसे वाटते की दिवसभरात असा दुसरा कोणता वेळ आहे, ज्या वेळी तुमचे दोन्ही हात फक्त त्याचे असतात? त्याचे दुखणे खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दुखणे खरे असणार, आणि आईचे हात मिळण्याचे समाधानही तितकेच खरे असणार. बाळ झोपलेले असताना दिवसाउजेडीही दहा मिनिटे त्याचे पाय चेपून पाहा, तो दुखतात म्हणाला नाही तरी.

आणखी एक गोष्ट मुलग्यांबद्दल, कारण ती मला आयुष्यभर खुपत आली आहे. मुलगी रडली की आपण म्हणतो, ती हिरमुसली, रुसली, घाबरली, तिला वाईट वाटले. मुलगा रडला की आपल्याकडे दोनच शब्द असतात: चिडला आणि हट्टीपणा करतो. आपल्या भाषेत मनाच्या अवस्थांसाठी इतके शब्द असून त्यातला एकच आपण त्याच्या हातात देतो, आणि मग तो प्रत्येक दुःख त्याच शब्दाने सांगू लागतो. माझ्या वर्गात एका मुलाने एकदा दप्तराचा पट्टा ओढून तोडला. मी विचारले, "राग आला का?" तो हो म्हणाला. मी पुन्हा विचारले, "राग आला, की खट्टू झालास?" खट्टू म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले की आपल्याला वाटते आज आई न्यायला येणार आणि दारात शेजारच्या काकू उभ्या दिसतात, तेव्हा पोटात जसे होते, त्याला खट्टू होणे म्हणतात. त्याने दप्तर खाली ठेवले आणि माझ्या मांडीला टेकून बसला. त्याचीही आई त्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी होती.

डॉ_देवराई

मी बालरोगतज्ज्ञ आहे. येथे तपासणी करता येत नाही, त्यामुळे जे सर्वसाधारणपणे ठामपणे सांगता येते तेवढेच लिहितो.

आधी त्या संदेशाविषयी, कारण तो गेली अनेक वर्षे फिरतो आहे आणि पालकांची दिशाभूल करतो आहे. मुलग्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन जन्मानंतरच्या काही आठवड्यांत खरोखर वाढते, साधारण एक ते तीन महिन्यांच्या वयात ते सर्वाधिक असते आणि सहा महिन्यांपर्यंत पुन्हा खाली येते. त्यानंतर वयात येईपर्यंत ते अगदी कमी राहते. चौथ्या किंवा पाचव्या वर्षी ते दुप्पट होत असल्याचा पुरावा नाही. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी वेगळी, सौम्य संप्रेरके अधिक प्रमाणात तयार करू लागतात, पण पोळी मोडली म्हणून रडण्याचे खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. एखाद्या मुलग्यामध्ये नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली, म्हणजे जांघेत केस आले, घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला किंवा वृषणांचा आकार वाढू लागला, तर मात्र थांबू नये. मुलग्यांमध्ये असे लवकर घडण्यामागे दुसरा आजार असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते.

आता उंचीविषयी. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२, आणि चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७ सेंटीमीटर. पाच वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे ११० सेंटीमीटर आहे. वाढ रोज सारखी होत नाही, हे खरे आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत ३१ तान्ह्या मुलांची लांबी वारंवार मोजली गेली, तेव्हा असे दिसले की कित्येक दिवस काहीच वाढ होत नाही आणि मग एकदम अर्धा ते अडीच सेंटीमीटरची उडी दिसते. पण ते अभ्यास तान्ह्या बाळांचे होते. पँट आखूड होणे हे नऊ महिन्यांच्या साध्या वाढीचेही लक्षण असू शकते, आणि साडेपाच वर्षांचे मूल लांबट दिसते याचे दुसरे कारण म्हणजे या वयात बाळसे झडते. उंचीच्या मानाने वजन पाहिले तर बहुतेक मुले पाच-सहा वर्षांची असतानाच सगळ्यात सडपातळ असतात. आया मुलाला घेऊन येतात आणि पहिले वाक्य म्हणतात, "डॉक्टर, याच्या बरगड्या बघा." वजन वाढते आहे, मूल खेळते आहे, तर त्या बरगड्या बहुधा निरोगी मुलाच्याच असतात. डोळ्यांना जाणवणारी खरी झेप वयात येताना येते. मुलग्यांमध्ये ती साधारण १३-१४ व्या वर्षी शिखरावर असते आणि त्या काळात वर्षाला ९-१० सेंटीमीटरही वाढ होते.

म्हणून अंदाज करण्यापेक्षा मोजा. सकाळची वेळ ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत उंची किंचित कमी भरते. अनवाणी उभे करा. टाचा, पार्श्वभाग आणि पाठ भिंतीला टेकलेली हवी, नजर समोर हवी, आणि डोक्यावर पातळ पट्टी न ठेवता जाड पुस्तक काटकोनात भिंतीला लावून खूण करा. त्या खुणेशेजारी तारीख लिहा. पाच वर्षांनंतर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते वापरतात, आणि एका मापापेक्षा सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापे आम्हाला कितीतरी जास्त सांगतात. या वयात वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ असेल, तर ती चिंता खरी.

पाय दुखण्याचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते आम्ही ज्याला वाढीच्या वेदना म्हणतो त्याच्याशी जुळते, मात्र हे नाव फसवे आहे. ज्या काळात मूल वेगाने वाढते, त्याच काळात हे दुखणे अधिक होते असे आढळलेले नाही. दिवसभर धावल्यानंतर संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखणे, चोळल्याने बरे वाटणे आणि सकाळी पूर्ण ठीक असणे, हे चित्र निर्धास्त करणारे आहे. एकाच पायात नेमक्या एकाच जागी दुखणे, सांधा सुजणे, सकाळी लंगडणे, ताप येणे, वजन उतरणे किंवा दिवसाही खेळ सोडून बसणे, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच आठवड्यात दाखवावे.

शेवटी मूळ प्रश्न. उंची वाढते म्हणून मूल चिडचिडे होते, असे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, आणि तुमच्या मुलाची दुपारची झोप एकदम गेली आहे. हे एक कारण. दुसरे कारण अनुभवी बाईंनी सांगितले आहेच. तिसरे कारण रक्तात शोधावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि लोहाची कमतरता असलेले मूल किरकिरे होते, लवकर दमते, त्याचे लक्ष टिकत नाही. तो माती, खडू किंवा भिंतीचे पोपडे खातो का, हे पाहा. हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घ्या आणि जंताचे औषध कधी दिले होते ते आठवा.

कोयनाकाठ

मी डॉक्टर नाही, शिक्षकही नाही, एक बाप म्हणून लिहितो आहे, आणि हे लिहिणे मला सोपे जात नाही.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना असाच बदलला होता. हाक मारली तर यायचा नाही, एकच गोष्ट तीनदा सांगावी लागायची, टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायचा आणि कमी केला की किंचाळायचा. आमच्याही घरी सगळ्यांनी ठरवून टाकले होते की मुलग्यांचे हे वयच असे असते. मी त्याला रागावलो. दोनदा हातही उगारला. शाळेतून चिठ्ठी आली की तो सूचना पाळत नाही, आणि त्या रात्री मी त्याच्यासमोर बसून त्याला शिस्तीवर बराच वेळ सुनावले. मी बोलत असताना तो एकटक माझ्या ओठांकडे पाहत होता. तो किती लक्ष देऊन ऐकतो आहे, याचे मला तेव्हा बरे वाटले होते.

पुढे सर्दीसाठी डॉक्टरांकडे गेलो असताना त्यांनी सहज विचारले की हा रात्री घोरतो का. तो घोरत होता, तोंड उघडे ठेवून झोपत होता, कधी कधी श्वास अडकून दचकायचा. त्यांनी त्याच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घेतले, तो वळला नाही. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासले. नाकामागची गाठ, ज्याला अ‍ॅडेनॉइड म्हणतात, ती वाढलेली होती आणि दोन्ही कानांच्या पडद्यांमागे द्रव साठला होता. त्याला आमचे बोलणे पाण्याखालून यावे तसे ऐकू येत असणार. उपचारानंतर एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "बाबा, हा आवाज कशाचा?" कुकरच्या शिट्टीआधी झाकणाखाली वाफ फुरफुरते, तो आवाज होता.

मोरपंख ताई, तुमच्या मुलाला शाळेत सगळे नीट समजते असे दिसते, त्यामुळे कदाचित हे तुमच्या बाबतीत लागू नसेल. तरीही आज रात्री तो झोपल्यावर पाच मिनिटे त्याच्या उशाशी बसा आणि श्वास ऐका. वाढीचे वय आहे, या एका वाक्याने आमचे सात महिने घेतले.

मोरपंख

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की उत्तर द्यायला शब्द अपुरे पडतात. बाई, खट्टू हा शब्द वाचून मी तशीच उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. कोयनाकाठ दादा, काल रात्री मी श्वास ऐकला. तो घोरत नाही आणि मागून हळूच हाक मारली तरी लगेच वळतो. उद्या उंची मोजते आणि या आठवड्यात रक्त तपासून घेते.

मोरपंख (तीन आठवड्यांनंतर)

जे घडले ते सांगायला आले आहे. दाराच्या चौकटीवर त्याच्या पाचव्या वाढदिवसाची खूण होती, १०७ सेंटीमीटरची. आता तो ११० भरला, म्हणजे साडेपाच महिन्यांत तीन सेंटीमीटर. डॉक्टरांनी सांगितलेल्या हिशेबात ही अगदी नेहमीची वाढ आहे. ज्या झटक्याची आम्ही घरभर चर्चा करत होतो, तो आलेलाच नव्हता. हिमोग्लोबिन मात्र ९.८ आले. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी लोहाचे औषध आणि जंताची गोळी दिली, आणि विचारता विचारता माझ्याकडून निघाले की बाळ झाल्यापासून दुपारी मी चहा घेते तेव्हा तोही बशीत अर्धा कप चहा-बिस्किट घेतो आणि संध्याकाळी त्याला भूक नसते. जेवणाच्या आसपासचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, असे त्यांनी सांगितले. चहा आम्ही बंद केला आहे. पालेभाजीवर किंवा डाळीवर लिंबू तो आता स्वतः पिळतो.

दुपारी तो झोपत नाही, पण मी बाळाला पाजताना तो माझ्या पाठीला पाठ लावून आडवा होतो. रडणे थांबलेले नाही, तरी दिवसाला चार-पाच वेळांवरून एक-दोन वेळांवर आले आहे. गेल्या आठवड्यात त्याने पाळण्याला लाथ मारली. पूर्वी मी ओरडले असते. मी विचारले, "राग आला, की खट्टू झालास?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाळ आल्यावर तू माझ्यासाठी खट्टू नाही होत." मला उत्तर सुचले नाही. मी त्याला जवळ घेऊन बसले.

सासूबाईंनी त्याला त्यांच्या काळची शाळाप्रवेशाची परीक्षा शिकवली आहे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. त्याची बोटे अजून कानाच्या वरच्या कडेलाच टेकतात, तरी दाराच्या खुणेपेक्षा त्याला हेच माप जास्त पटले आहे आणि तो रोज सकाळी करून पाहतो.

डॉक्टर, एक विचारायचे राहिले. औषध सुरू केल्यापासून त्याची शी काळी होते आणि पुढच्या दातांवर काळसर छटा दिसते. औषध थांबवावे का?

डॉ_देवराई

थांबवू नका. लोहाच्या औषधाने शौचाचा रंग काळपट होतो, ते अपेक्षितच आहे. दातांवरची छटा वरवरची असते. औषध जिभेच्या मागच्या बाजूला द्या आणि लगेच चूळ भरायला लावा. दुधाबरोबर देऊ नका, दोन्हींत किमान दीड-दोन तासांचे अंतर ठेवा. पोट दुखले किंवा शौचाला खडा झाला, तर मात्रा स्वतः कमी न करता तुमच्या डॉक्टरांना कळवा. हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीवर आल्यानंतरही शरीरातील साठा भरण्यासाठी औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावे लागते. बरेच पालक नेमके तेव्हाच ते सोडतात. उंचीची पुढची खूण मार्चमध्ये, त्याच्या वाढदिवशी करा.